फोन आला होता

१

हेशुन गल्लीच्या तोंडाशी, डाव्या हाताला, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी एक खोली होती. खोलीला एक खिडकी, खिडकीत फळी, फळीवर काळा टेलिफोन आणि टेलिफोनशेजारी चौघडी घातलेला टॉवेल. गल्लीत दीडशे बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून फोन हा एवढाच. कुणाचाही फोन आला की क्वेचनमावशी रिसीव्हर टॉवेलवर आडवा ठेवायची, पत्र्याचा कर्णा उचलायची आणि त्या घराखाली जाऊन हाक द्यायची. आधी नंबर, मग मजला, मग नाव आणि शेवटी ‘टेलिफोन’. त्यातला ‘फोन’ ती असा काही लांबवायची आणि शेवटाला वर चढवायची, की गल्लीतली पोरं खेळताना तिची नक्कल करत. तिला त्याचा राग येत नसे. शांघायमध्ये गल्लोगल्ली फोनवाल्या आहेत, पण असा गळा एकीचाही नाही, असं ती स्वतःच सांगायची.

लोक खाली येऊन बोलत तेव्हा ती त्यांच्या पाठीमागे स्टुलावर बसून विणकाम करायची आणि ऐकायची. ऐकणं हेही कामातच धरलेलं होतं. दर शनिवारी मोहल्ला समितीच्या हुओताईंकडे जायचं आणि कोण काय बोललं ते सांगायचं. तिखटमीठ लावायची तिला सवय नव्हती, म्हणूनच तिच्या सांगण्याला वजन होतं. तिच्या सांगण्यावरून कुणाची बढती अडली, कुणाचं लग्न मोडलं, एक-दोन माणसं बऱ्याच लांबच्या प्रवासाला गेली. पण क्वेचनमावशीने आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. तिला विचारलं असतं तर तिने हेच सांगितलं असतं, आणि ते खरंच होतं.

तिला एकच मुलगा, च्याहुआ. सतराव्या वर्षी त्याला पार उत्तरेला, हेलुंग्च्यांगच्या सरकारी शेतावर पाठवलं, त्याला आता दहा वर्षं झाली होती. गेल्या हिवाळ्यात हिमाने त्याची दोन बोटं गेली. त्याच्या शेवटच्या पत्रात चारच ओळी होत्या. ‘आई, बाकीचे एकेक करून घरी परतले. बराकीत आता आम्ही तिघंच उरलोय. काहीतरी कर.’ ते पत्र ती विणकामाच्या पिशवीत ठेवायची आणि फोन नसला की काढून वाचायची.

२

एकोणऐंशी सालच्या मार्च महिन्यात एका दुपारी हुओताई स्वतःहून फोनखोलीत आल्या. एरवी त्या बोलावून घेत.

“वंग मास्तरांची फाइल पुन्हा उघडलीय,” स्टुलावर बसत त्या म्हणाल्या. “शाळेची माणसं येणार आहेत. मुलगीही आलीय शिनच्यांगहून. वारा फिरलाय ना आता.”

“मग?”

“मग काय, विचारतील. मास्तरांचं दार तीन दिवस आतून बंद होतं. त्या दिवशी ते आपणहून खाली कसे आले?”

क्वेचनमावशीच्या हातातल्या सुया थांबल्या.

“तू हाक मारलीस ते सगळ्या गल्लीने ऐकलंय, ते काही नाकारता येत नाही. पण का मारलीस? फोन आला म्हणून. फोन आला की हाक मारायची, हे तुझं कामच. त्यात तुझं चुकलं कुठे, आणि माझं तरी कुठे?”

“ताई, पण फोन तर...”

“फोन आला होता,” हुओताई शांतपणे म्हणाल्या. “समोरच्या चूला विचारलं, तो म्हणतो घंटी ऐकल्यासारखी वाटते. बारा नंबरची म्हणते वाजली असेल. अख्खी गल्ली म्हणतेय फोन आला होता. तू एकटी कशाला वेगळं गाणं गातेस?”

त्यांनी पिशवीतून दोन कागद काढले. एकावर क्वेचनमावशीचा जबाब आधीच लिहून तयार होता. दुसरा कागद तिच्याच अर्जाचा होता. आई एकटी, प्रकृती नाजूक, मुलाला शहरात परत पाठवावं. समितीच्या लाल शिक्क्यासाठी खाली जागा मोकळी सोडलेली होती, आणि ती गेले चौदा महिने तशीच मोकळी होती.

“शिक्का माझ्याकडेच असतो,” हुओताई म्हणाल्या. “इकडे तू सही कर, तिकडे मी टपालात टाकते.”

खरं काय घडलं होतं ते त्या दोघींना पाठ होतं. अडुसष्ट सालचा जुलै महिना होता, झाडांवर किरकिऱ्यांनी, त्या उन्हाळी किड्यांनी, रान उठवलं होतं. वंग मास्तर भूगोल शिकवायचे आणि फावल्या वेळात लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचे. शत्रूचं स्टेशन ऐकतात, एवढं म्हणायला तेवढं पुरलं. दंडाला लाल पट्टे बांधलेले आठजण चूच्या गरम पाण्याच्या दुकानात, हौदामागे दबा धरून बसले होते. दार फोडलं असतं तर मास्तरांनी खिडकीतून उडी घेतली असती, आणि त्यांना मास्तर जिवंत हवे होते. तेव्हा हुओताई तिला म्हणाल्या होत्या, “तुला काहीच करायचं नाही. फक्त हाक मार. लांबचा आहे म्हण, मुलीचा आहे म्हण.” रिसीव्हर काढून टॉवेलवर ठेवायचं मात्र क्वेचनमावशीला स्वतःलाच सुचलं होतं, म्हणजे मास्तरांना आत आल्यावर संशय यायला नको. हे तिने नंतर कुणालाही सांगितलं नाही.

मास्तर गंजीफ्रॉकवर धावत आले होते. एका पायात सपात होती, दुसरा पाय अनवाणी. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला आणि फोनवर सगळे म्हणतात तसं म्हणाले, “वे? पेइलान?” क्वेचनमावशी बाहेर पाठ करून उभी राहिली. समोर चू थर्मासात पाणी ओतत होता, थर्मास भरून वाहायला लागला तरी ओतत होता. मास्तर तिसऱ्यांदा “पेइलान, बोल ना” म्हणाले तेव्हा ते आठजण रस्ता ओलांडून आत गेले. वर खिडक्या एकेक करून बंद झाल्या. नवव्या दिवशी शाळेच्या कोठारात मास्तर संपले. त्यांची खोली हुओताईंच्या भाच्याला मिळाली.

क्वेचनमावशीने सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

३

दुसऱ्या दिवशी हुओताईंनी पाकीट पेटीत टाकल्याचं तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं आणि कधी नव्हे ते हलक्या मनाने खोलीत येऊन बसली. दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

“हेशुन गल्ली,” ती म्हणाली.

“तेवीस नंबर, तिसरा मजला,” पलीकडून आवाज आला. “वंग मास्तरांना बोलवा.”

आवाज बाईचा की पुरुषाचा, ते कळत नव्हतं. घाई नव्हती, राग नव्हता. एखाद्या कचेरीतून यावा तसा सरळ आवाज.

“ते इथे राहत नाहीत.”

“बोलवा. आम्ही थांबलोय.”

तिने फोन ठेवला. शाळेतल्याच कुणीतरी परीक्षा पाहिली असणार, असं तिने मनाशी ठरवलं. चौकशी लागली म्हणजे असले प्रकार होतातच. सुयांवरचे टाके मोजत ती पुन्हा विणायला लागली, पण मोजणी दोनदा चुकली. पलीकडे त्या आवाजामागे कसलीतरी कर्कर चालली होती, ती तिच्या कानातून जाईना. लाइनीत ओल शिरली की अशी खरखर होते, हे तिला एकोणीस वर्षं माहीत होतं.

तरी तिने एक्स्चेंजला फोन लावला. तिथली मुलगी ओळखीची होती.

“आत्ता आलेला फोन कुठून जोडलास गं?”

“मावशी, सकाळपासून तुमच्या लाइनीवर एकही फोन नाही. उलट तुमच्याबद्दलच चिठ्ठी लावलेली आहे इथे. रिसीव्हर खाली काढून ठेवलाय म्हणून.”

“माझा? कधीपासून?”

“ते काय माहीत. मी नोकरीला लागले तेव्हापासून चिठ्ठी आहेच ही. कागद पार पिवळा पडलाय,” मुलगी हसली. “नीट लावत जा हो.”

४

शाळेची माणसं गुरुवारी आली. दोन पुरुष जबाब वाचत बसले, आणि त्यांच्या मागे दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची असेल, वाळवंटातल्या उन्हाने रापलेली. क्वेचनमावशीने तिला कपाळावरून ओळखलं. कपाळ मास्तरांचंच होतं.

“फोन आला होता?” एका माणसाने विचारलं.

“आला होता.”

“कुठून?”

“लांबचा होता. मुलीचा आहे म्हणाले.”

माणसाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्यालाही प्रकरण मिटवायचंच होतं. त्या वर्षी तोही त्याच शाळेत होता. बाहेर पडताना ती बाई मात्र मागे रेंगाळली.

“मावशी, ओळखलंत ना? मी पेइलान.”

“ओळखलं हो पोरी. किती वाळलीस.”

“मी त्या वर्षी जिथे होते ना, तिथून जवळचा फोन ट्रकने दोन दिवसांवर होता. मी आयुष्यात कधी बाबांना फोन केला नाही. ते त्यांनाही माहीत होतं. तरी धावत आले.” ती टॉवेलकडे पाहत होती. “मला भांडायचं नाही, तेवढी ताकदही नाही. एकच सांगा. त्यांनी फोन उचलला होता ना? काय म्हणाले?”

क्वेचनमावशीच्या ओठांवर ते शब्द आले होते. चारच शब्द होते, सांगून टाकले असते तर त्या पोरीला आयुष्यभर पुरले असते. पण ते सांगायचे म्हणजे पलीकडून कुणी बोलत नव्हतं हेही सांगायचं.

“मी बाहेर होते,” ती म्हणाली. “मला ऐकू नाही आलं.”

पेइलानने टॉवेलची घडी बोटाने सरळ केली. मग म्हणाली, “छिंगमिंगपर्यंत, पितरांच्या दिवसापर्यंत, मी शाळेच्या पाहुण्यांच्या खोलीत आहे. बाबांची राख नाही, पेटीत त्यांचा चष्माच ठेवणार आहे. काही आठवलं तर या.”

ती गेली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन वाजला. क्वेचनमावशीने उचलला.

“तुम्ही लिहून दिलंय,” पलीकडचा आवाज म्हणाला. “फोन आला होता. तो हाच. वंग मास्तरांना बोलवा.”

आज ती कर्कर अगदी जवळून येत होती, आणि ती काय आहे ते तिला कळलं. किरकिऱ्या होत्या. भर उन्हाळ्यातल्या, शेकड्यांनी. तिने खिडकीबाहेर पाहिलं. मार्च महिना होता, झाडाला अजून पानही फुटलं नव्हतं.

५

माणूस सवयीचा गुलाम असतो असं आपण सहज म्हणतो. क्वेचनमावशीचा सगळा जन्मच सवयीवर चालला होता. शनिवारी दुपारी खोलीत दोन बायका भांडत होत्या, एक पोरगं रडत होतं, ती सुटलेले टाके उचलत होती. फोन वाजला. खांद्याने रिसीव्हर धरून तिने ऐकलं, “तेवीस नंबर, तिसरा मजला,” आणि तिच्या हातांनी रिसीव्हर टॉवेलवर ठेवला, कर्णा उचलला, पाय चालायला लागले. आपण काय ओरडतोय ते तिला ओरडून झाल्यावर कळलं.

“तेवीस नंबर, तिसरा मजला, वंग मास्तर, टेलिफोन!”

गल्ली गप्प झाली. नळावर कुणीतरी पाणी बंद केलं. वाळत घातलेल्या कपड्यांमागून एक खिडकी लागली, मग दुसरी, मग समोरची. अकरा वर्षांपूर्वी याच क्रमाने लागल्या होत्या.

तेवीस नंबरात त्या वेळी कुणी नव्हतं. हुओताईंचा भाचा आणि त्याची बायको दोघंही गिरणीत गेलेले असत. पण वरच्या लाकडी जिन्यावर पाऊल वाजलं. एक सपातेचं, एक अनवाणी. चट, मग काहीच नाही, मग चट. तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. उतरणारा घाईत होता. दाराच्या आत, जिथे दिवसाही अंधार असतो, तिथे शेवटच्या पायरीवर तो आवाज थांबला.

तिने आत पाहिलं नाही. मान खाली घालून ती परत फिरली. चूच्या दुकानासमोर आली तर त्याच्या हातातला थर्मास भरून वाहत होता आणि गरम पाणी त्याच्या पायावर पडत होतं.

“ऐकलंस ना, चूदादा?” तिने विचारलं. “जिन्यावरचं?”

“मी? मी काय ऐकणार बाई, वाफेने कान बसलेत माझे,” चू म्हणाला. बोलताना त्याने ओठ जीभ फिरवून ओले केले. “आणि तू तरी काय, मेलेल्यांना हाका मारत सुटलीस. वय झालं आता. घरी बस.”

तो हसला, पण त्याचा पाय भाजला होता, तो त्याने मागे घेतला नव्हता. क्वेचनमावशी खोलीत आली. बायका निघून गेल्या होत्या. रिसीव्हर टॉवेलवर पडलेला होता. तिने तो जागेवर ठेवायला उचलला, तेव्हा आतून तोच सरळ आवाज आला.

“येताहेत ते. तोवर हुओताईंना बोलवा.”

६

तिने बोलावलं. का बोलावलं, याचं उत्तर तिच्याकडे होतं: आपल्याला सांगितलं म्हणून. आणि खरं सांगायचं तर, ते माझ्या एकटीच्याच मानेवर का, असंही तिला वाटलं.

हुओताई कपाळाला आठ्या घालत आल्या. “कुणाचा आहे?”

“तुमच्यासाठी आहे म्हणाले.”

त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. “वे?” पलीकडून काय ऐकू आलं कोण जाणे. क्वेचनमावशी मुद्दाम दाराबाहेर उभी राहिली, पण या वेळी पाठ करायची तिला हिंमत झाली नाही, म्हणून तिने पाहिलं. हुओताईंचं तोंड उघडं राहिलं. दुसरा हात वर उचलला गेला, कुणीतरी मनगट धरून वर ओढावा तसा, आणि पाठीमागे पिरगळला गेला. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. “वे,” त्या म्हणाल्या. “वे. वे.”

इस्पितळात डॉक्टरने अर्धांगवायू सांगितला. आता त्या खाटेवर बसून असतात, उजवा हात कानाशी, डावा पाठीमागे, आणि कुणी काहीही विचारलं तरी ‘वे’ एवढंच म्हणतात. भाच्याने त्यांना बघायला एक बाई ठेवली. तीही दोन दिवसांत काम सोडून गेली.

हुओताई नावाच्या या बाईने चाळीस घरांचं वाटोळं केलं होतं आणि चाळीसही घरं तिला नव्या वर्षाच्या मिठाया पाठवायची. तिच्यासाठी रडायला कुणी आलं नाही, आणि ते बरोबरच झालं.

क्वेचनमावशी मात्र घाबरली.  तिसऱ्या दिवशी तिने स्वच्छ निळा कोट घातला, केस विंचरले आणि शाळेकडे निघाली. पेइलानला शोधायचं, ते चार शब्द सांगायचे, जबाब फाडायला लावायचा. गल्लीच्या तोंडाशी पोस्टमन भेटला.

“मावशी, उत्तरेचं पत्र आहे.”

तिने तिथेच फोडलं. ‘आई, शिक्क्याचा कागद पोचला. पाच तारखेला निर्णय आहे. झालं तर तालुक्याच्या पोस्टातून दुपारी दोनला फोन करीन. साहेब म्हणतात, तिकडून एखादी तक्रार आली नाही म्हणजे झालं.’

एखादी तक्रार. तिने ते दोन शब्द बऱ्याच वेळा वाचले. ट्राम आली, थांबली आणि गेली. ती परत फिरली. मास्तर काही उठून येणार नाहीत, असं तिने स्वतःला समजावलं, आणि समजावता समजावता तिला तो जिना आठवला. तरीही ती परतच फिरली.

७

पाच तारखेला छिंगमिंग होतं. गल्लीतली बरीच माणसं हिरव्या तांदळाचे लाडू घेऊन कबरींवर गेली होती. क्वेचनमावशीने फोनखोलीची किल्ली चूला नेऊन दिली.

“आज तू बैस चूदादा. च्याहुआचा आला तर तेवढी मला हाक मार. दुसऱ्या कुणाला बोलवायला सांगितलं तर ठेवून दे.”

“माझा गळा कुठे तुझ्यासारखा,” चू म्हणाला. “आणि दुकान?”

“तासाभराचं काम आहे. मी तुझ्या पोरीच्या लग्नाची शिफारस केली होती, विसरलास?”

“नाही विसरलो,” त्याने किल्ली घेतली. “तू कधी विसरू देतेस?”

ती वर गेली. अकरा नंबर, दुसरा मजला. तिने दाराला आतून अडसर घातला, खुर्ची लावली आणि खाटेवर बसली. मुलाचा फोन आला तर खाली जायचं, नाहीतर ब्रह्मदेव आला तरी दार उघडायचं नाही. चूचा आवाज घोगरा आहे, तो लपणार नाही. एवढं साधं होतं. दोन वाजले. दोन वाजून पाच मिनिटं झाली.

दोन वाजून दहा मिनिटांनी खालून हाक आली.

“अकरा नंबर, दुसरा मजला, क्वेचनमावशी, टेलिफोन! लांबचा आहे. मुलाचा आहे.”

आवाज चूचा नव्हता. ‘फोन’ लांबवलेला होता आणि शेवटाला वर चढवलेला होता. एकोणीस वर्षांत ती हाक तिने कधी खालून ऐकली नव्हती. ती किती गोड आहे, किती भरवशाची वाटते, ते तिला आज कळलं.

पोरं नक्कल करतात, तिने विचार केला. चूचा गळा बसलेला, त्याने एखाद्या पोरीला पुढे केलं असेल. असंच असणार. आणि नसलं तर? लांबचा आहे, मुलाचा आहे, हेच शब्द होते, याच क्रमाने. तिला ठाऊक होतं, खाली फोन नसेल. तिला जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तालुक्याच्या पोस्टात तो उभा असेल तर? बोटं गेलेल्या हातात रिसीव्हर धरून, आई आली नाही म्हणून ठेवून देणारा?

तिने अडसर काढला. मास्तरांनीही दारामागे असाच विचार केला असेल, असं जिना उतरताना तिच्या मनात आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच आलं. एक बूट पायरीवर निसटून राहिला, तो घ्यायला ती थांबली नाही.

गल्लीत कुणी नव्हतं. हाक देणारी पोरगी नव्हती. वर एक खिडकी लागली, मग दुसरी, मग समोरची. चू फोनखोलीत नव्हता; तो आपल्या दुकानात खाली मान घालून थर्मास भरत होता आणि त्याने मान वर केली नाही. खोलीचं दार उघडं होतं. रिसीव्हर टॉवेलवर आडवा ठेवलेला होता.

“वे?” ती म्हणाली. “च्याहुआ?”

किरकिऱ्या ओरडत होत्या. आधी फोनमध्ये, मग बाहेर झाडावरही. खोलीत एकदम जुलैचा उकाडा झाला.

“च्याहुआ?”

खिडकीच्या काचेपलीकडे एक बाई उभी होती. निळा कोट, दंडाला लाल पट्टा, हातात पत्र्याचा कर्णा. तिची पाठ खोलीकडे होती आणि ती समोर वाहणाऱ्या थर्मासाकडे बघत होती. चूच्या हौदामागच्या अंधारात काहीतरी हललं. क्वेचनमावशीला ओरडून त्या बाईला हाक मारायची होती. मग तिच्या लक्षात आलं की त्याचा उपयोग नाही. ती बाई वळणार नाही. त्या दिवशीही ती वळली नव्हती.

रस्ता ओलांडणारी पावलं दारापर्यंत आली. त्यांत एक पाऊल सपातेचं होतं, एक अनवाणी. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“च्याहुआ,” ती म्हणाली, “बोल ना.”

८

मे महिन्यात च्याहुआ पेटी खांद्यावर घेऊन गल्लीत आला. अकरा नंबराचं दार उघडं होतं, आत धूळ होती. पायरीवर आईचा एक बूट कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याने दारोदार विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं, इतकं एकसारखं की पाठ केल्यासारखं वाटावं. फोन आला होता. हाक आम्ही ऐकली. ती खाली गेली. पुढचं काही माहीत नाही.

“पण माझा फोन लागलाच नव्हता,” तो चूला म्हणाला. “संध्याकाळपर्यंत पोस्टात उभा होतो, लाइनच मिळाली नाही. सारखं एकच सांगत होते, तिकडे रिसीव्हर खाली काढून ठेवलाय.”

चूने त्याच्यासाठी कपात गरम पाणी ओतलं.

“काका, तुमचं दुकान तर समोरच आहे. आईने फोन उचलला होता ना? काय म्हणाली?”

चू ओतत राहिला. कप भरला, पाणी बशीत आलं, बशीतून फळीवर आलं.

“मी पाणी भरत होतो रे पोरा,” तो म्हणाला. “मला ऐकू नाही आलं.”

समोरच्या बंद खोलीत फोन वाजायला लागला.